आधी कोडे, मग रान : सिडनीच्या बुशलँडमध्ये कोड्याची जिओकॅश शोधण्याची पद्धत

सिडनीच्या उत्तर भागात नव्याने राहायला आलेल्या मराठी कुटुंबाला एका गोष्टीचे हमखास आश्चर्य वाटते. रेल्वे स्थानकापासून दहा-पंधरा मिनिटे चालले की घरांची ओळ संपते, रस्ता संपतो आणि थेट दाट रान सुरू होते. हे रान शहराच्या मध्यात टिकले याचे कारण भूरचनेत आहे. येथील रेल्वे, मोठे रस्ते आणि वस्त्या डोंगरधारांच्या सपाट माथ्यांवर वसल्या, तर वालुकाश्माच्या कड्यांनी भरलेल्या खोल घळी बांधकामाला सोयीच्या नसल्याने तशाच राहिल्या. हॉर्न्सबी, थॉर्नली, पेनंट हिल्स या स्थानकांच्या पश्चिमेकडील बेरोरा व्हॅलीचे राष्ट्रीय उद्यान, दक्षिणेकडे लेन कोव्ह नदीकाठचे उद्यान आणि मधल्या उपनगरांत विखुरलेली नगरपरिषदांची छोटी राखीव राने हा सारा या घळींचाच वारसा आहे.

अशाच रानांत जिओकॅश, म्हणजे अक्षांश-रेखांशांवरून शोधून काढण्याच्या खेळातल्या डब्या, लपवलेल्या असतात. मे २००० च्या आरंभी अमेरिकन सरकारने जीपीएसच्या नागरी संकेतांत मुद्दाम ठेवलेली अचूकतेची कमतरता काढून टाकली. ३ मे २००० रोजी ऑरेगन राज्यात डेव्ह उल्मर यांनी एक बादली रानात लपवून तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले आणि ‘शोधून दाखवा’ असे आवाहन केले. तो या खेळाचा आरंभ होय. आज जगभर तीस लाखांहून अधिक डब्या लपलेल्या आहेत. बहुतेक डब्यांचे स्थान उघड दिलेले असते, मात्र नकाशावर ज्यांच्यासमोर निळे प्रश्नचिन्ह दिसते त्यांचे खरे स्थान एखादे कोडे सोडवल्याशिवाय कळत नाही. या लेखाचा विषय ही प्रश्नचिन्हाची डबी आहे.

आरंभीच एक आग्रह नोंदवून ठेवतो, कारण पुढची प्रत्येक पायरी त्यावर उभी आहे. कोड्याचे उत्तर घरी पूर्ण पक्के झाल्याशिवाय रानात पाऊल टाकू नये. शहरातल्या बाकाखाली चुकीच्या जागी शोध घेतला तर आपला अर्धा तास जातो. घळीत चुकीच्या जागी शोध घेतला तर नेचे तुडवले जातात, शेवाळ सोलले जाते, दगड हलतात आणि ती किंमत रान मोजते. पहिल्या वर्षी आम्ही एक ‘बहुधा बरोबर’ उत्तर घेऊन उतरलो होतो. तासभर चौघांनी एक उतार पिंजून काढला आणि घरी येऊन पाहतो तो एक अंक चुकलेला. दोन आठवड्यांनी त्याच वाटेने जाताना आमच्या बुटांनी पाडलेली चुकीची वाट अजून दिसत होती, आणि ती पाहून मनाला फार लागले.

कोणती डबी निवडावी

खेळाच्या संकेतस्थळावर किंवा ॲपवर खाते उघडले की प्रत्येक डबीच्या पानावर दोन गुणांक दिसतात. पहिला काठिण्याचा आणि दुसरा भूभागाचा. दोन्ही १ ते ५ या श्रेणीत, अर्ध्या-अर्ध्या अंकाने वाढणारे. कोड्याच्या डबीत काठिण्याचा आकडा प्रामुख्याने कोड्याला लागू होतो आणि भूभागाचा आकडा चालण्याला. भूभाग १ म्हणजे चाकांच्या खुर्चीनेही पोहोचता येईल अशी जागा आणि ५ म्हणजे दोर, होडी किंवा तत्सम विशेष साधन लागणारी जागा. नवख्याने काठिण्य २ किंवा २.५ आणि भूभाग ३ पर्यंत यांच्यापलीकडे जाऊ नये. ज्याने सह्याद्रीतले पाच-पंचवीस गड केले आहेत त्याला भूभाग ३ हास्यास्पद वाटेल, पण येथे पायवाट सोडून शेवटचे पन्नास मीटर झुडपांतून जायचे असते आणि ते गडाच्या मळलेल्या वाटेपेक्षा वेगळे काम आहे.

आकारही पाहावा. ‘मायक्रो’ म्हणजे १०० मिलिलिटरपेक्षा लहान डबी, ‘स्मॉल’ म्हणजे एक लिटरपर्यंतची, ‘रेग्युलर’ त्याहून मोठी. रानात पहिला शोध स्मॉल किंवा रेग्युलर डबीचाच घ्यावा. वालुकाश्मातल्या हजार फटींत अंगठ्याएवढी कुपी शोधणे हे नंतरचे शिक्षण आहे. शेवटच्या काही नोंदी वाचाव्यात. गेल्या दोन-तीन महिन्यांत कुणाला डबी सापडली असेल तर ती जागेवर असण्याची शक्यता चांगली, आणि सलग तीन-चार जणांना सापडली नसेल तर दुसरी निवडावी.

न्यू साउथ वेल्सच्या राष्ट्रीय उद्यानांत डबी लपवण्यासाठी उद्यान खात्याची परवानगी लागते आणि नगरपरिषदेच्या रानातही जमीन सांभाळणाऱ्यांचे नियम असतात. शोधणाऱ्याला स्वतः परवानगी काढावी लागत नाही, परंतु डबीच्या पानावर ‘अमुक बाजूनेच या’, ‘वाट सोडू नका’ असे लिहिलेले असेल तर तो बहुधा त्या परवानगीचाच भाग असतो आणि तो तंतोतंत पाळावा.

कोडे कसे वाचावे

प्रश्नचिन्हाच्या डबीसाठी नकाशावर दिलेले स्थान खोटे असते, पण ते निरुपयोगी नसते. खरी डबी साधारणपणे त्या स्थानापासून तीन किलोमीटरांच्या आत असते. म्हणजेच उत्तराचा बराचसा भाग आपल्याला आधीच ठाऊक असतो. हॉर्न्सबीच्या आसपासच्या डबीचे उत्तर ‘एस ३३° ४’ (दक्षिण अक्षांश) आणि ‘ई १५१° ०’ (पूर्व रेखांश) असेच सुरू होणार. गुप्तलिपी सोडवणाऱ्याला मूळ मजकुराचे चार शब्द आधीच मिळावेत तसे हे आहे. कोड्यात पंधरा चिन्हे दिसली आणि त्यातले पहिले व दुसरे चिन्ह सारखेच असले, तर ते ‘३३’ असू शकते असा तर्क ताबडतोब बांधता येतो.

यानंतर पानाचे प्रत्येक अंग तपासावे. डबीचे शीर्षक हा बहुतेक वेळा सर्वांत प्रामाणिक इशारा असतो. वर्णनात विचित्र ठिकाणी मोठी अक्षरे, तिरके शब्द, मुद्दाम चुकवलेले स्पेलिंग, अनावश्यक वाटणारे वाक्य दिसते का ते पाहावे. मजकूर माउसने निवडून पाहिला तर पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत लपवलेली ओळ उघडी पडते. चित्र असेल तर ते उतरवून त्याचे नाव आणि त्याच्या आत साठवलेली माहिती पाहावी. पानाखालचा छोटा इशारा उलगडायला सोपा असतो. त्यातले प्रत्येक इंग्रजी अक्षर तेरा घरे पुढे सरकवलेले असते आणि एका कळीने तो वाचता येतो.

मग सांकेतिक पद्धतींकडे वळावे. नवख्यांना भेटणाऱ्या पद्धती मोजक्याच आहेत : अक्षराऐवजी वर्णमालेतला क्रमांक, अक्षरे ठरावीक घरे सरकवणे, मोर्स, ब्रेल, चौकटी आणि टिंबांची पिगपेन लिपी, झेंड्यांची सेमाफोर लिपी, रोधकांवरचे रंगपट्टे, मूलद्रव्यांचे अणुक्रमांक, शब्दांतील अक्षरांची संख्या. यांची एक यादी वहीत करून ठेवावी आणि नवे कोडे समोर आले की ‘येथे किती वेगवेगळी चिन्हे आहेत?’ हा प्रश्न आधी विचारावा. दोनच चिन्हे असतील तर मोर्स किंवा द्विमान पद्धत, दहा असतील तर थेट अंक, सव्वीसच्या आसपास असतील तर इंग्रजी अक्षरे. या एका मोजणीने अर्धे पर्याय गळून पडतात.

मराठी वाचकाला येथे कटपयादी पद्धत आठवेल, आणि आठवावी. व्यंजनांना अंक देणाऱ्या या जुन्या भारतीय पद्धतीत क, ट, प, य या प्रत्येकापासून एकेक मोजणी सुरू होते. त्यामुळे ‘ग’ म्हणजे ३ आणि ‘ड’ म्हणजेही ३. अर्थात ‘गड’ हा शब्द ३३ होतो, आणि सिडनीचा अक्षांशही ३३ च आहे! एरवी कटपयादीत अंक उजवीकडून डावीकडे वाचायचे असतात, येथे मात्र दोन्ही बाजूंनी तोच आकडा येतो. पुढे कधी स्वतः डबी लपवण्याची वेळ आली तर ही पद्धत किंवा मोडी लिपी कोड्यात वापरता येईल, फक्त परक्या वाचकाला त्या दिशेने नेणारा इशारा पानावर द्यावा लागेल.

एक उदाहरण, शेवटपर्यंत

पद्धत समजावी म्हणून एक डबी कल्पनेने रचतो. आकडे केवळ शिकण्यासाठी आहेत. तेथे काहीही लपवलेले नाही, म्हणून कुणी जाऊ नये. समजा पानावरचे खोटे स्थान एस ३३° ४२.५००, ई १५१° ०५.००० आहे. शीर्षक आहे ‘फक्त पिसे’. वर्णनात सकाळच्या फेरफटक्याचा एक परिच्छेद आहे : ‘कुंपणावर मॅगपाय बसला होता. वाँबॅटचे बीळ ओलांडून पुढे गेलो तर कूकाबुरा हसत होता. एमूचे चित्र असलेली पाटी लागली. संध्याकाळी जशी फ्लाइंग फॉक्स झाडांवरून जातात तसा गलाहांचा थवा गेला. रात्री बूबूक ऐकला होता, आता आयबिस दिसला.’ शेवटी एक ओळ : ‘सहा अंकांची बेरीज २५.’

आठ प्राणी आहेत आणि आपल्याला हवेत सहा अंक : अक्षांशाचे शेवटचे तीन आणि रेखांशाचे शेवटचे तीन. शीर्षक ‘पिसे’ म्हणते. वाँबॅट चार पायांचा, तो गळाला. फ्लाइंग फॉक्स उडते खरे, पण ते मोठे वटवाघूळ आहे, त्याला पिसे नाहीत, तेही गळाले. एमू उडत नाही, तरी त्याला पिसे आहेत, म्हणून तो राहतो. शीर्षकात ‘पंख’ किंवा ‘उडणारे’ न म्हणता ‘पिसे’ का म्हटले, याचे उत्तर येथे मिळते. (भारतातून आलेल्या मोठ्या माणसांना गलाह आणि बूबूक ही पक्ष्यांची नावे आहेत हे ठाऊक नसते, येथे शाळेत जाणारी मुले ते चटकन सांगतात, म्हणून कोडी सोडवताना त्यांना शेजारी बसवावे.)

आता नावांच्या इंग्रजी स्पेलिंगमधील अक्षरे मोजू. मॅगपाय ६, कूकाबुरा १०, एमू ३, गलाह ५, बूबूक ७, आयबिस ४. कूकाबुराजवळ अडचण येते, कारण एका घरात दोन अंक मावत नाहीत. एक पर्याय शेवटचा अंक घेण्याचा, म्हणजे ०. दुसरा १ आणि ० यांच्या बेरजेचा, म्हणजे १. बेरजेची ओळ येथे न्याय करते : ६, ०, ३, ५, ७, ४ यांची बेरीज २५ होते, १ घेतला तर ती २६ होते. म्हणून अक्षांश ४२.६०३.

रेखांशाचे शेवटचे तीन अंक ५७४ मिळाले, पण त्यांच्या आधीची मिनिटे ०४ की ०५ हे वर्णनात कुठेच नाही. अशा वेळी दोन्ही स्थाने नकाशावर टाकून पाहावीत. समजा ०५.५७४ हे कुणाच्या तरी घराच्या छपरावर पडते आणि ०४.५७४ पायवाटेजवळच्या खडकावर. तर उत्तर स्पष्ट आहे. पानावरच्या खोट्या स्थानापासून हे अंतर सुमारे ६८० मीटर, म्हणजे मर्यादेच्या आत आहे.

पडताळणीशिवाय निघू नये

बहुतेक चांगल्या कोड्यांना पानावरच उत्तर तपासण्याची सोय असते. आपले अक्षांश-रेखांश टाकले की ते बरोबर आहे की नाही एवढेच ती सांगते. ही सोय असेल तर तिच्याशिवाय निघण्याचे काहीही कारण नाही. नसेल तर तीन गोष्टी स्वतः तपासाव्यात. स्थान सार्वजनिक जमिनीवर आहे का? भूभागाचा गुणांक आणि समोच्च रेषा जुळतात का, म्हणजे पानावर भूभाग २ असताना आपले उत्तर कड्याच्या मधोमध तर येत नाही ना? आणि जवळच्या इतर डब्यांपासून ते किमान १६१ मीटर दूर आहे का? खेळाच्या नियमानुसार दोन डब्या याहून जवळ असू शकत नाहीत, त्यामुळे एखाद्या ज्ञात डबीपासून चाळीस मीटरवर आलेले उत्तर बहुधा चुकीचे असते.

अंकांचे मोलही समजून घ्यावे. अक्षांशाच्या मिनिटातील तिसरा दशांश म्हणजे जमिनीवर १.८५ मीटर, दुसरा म्हणजे साडेअठरा मीटर, पहिला म्हणजे १८५ मीटर. रेखांशाच्या रेषा ध्रुवांकडे जवळ येत जात असल्याने सिडनीत तिसरा दशांश सुमारे १.५४ मीटरच भरतो. वरच्या उदाहरणात ० ऐवजी १ घेतला असता तर आपण साडेअठरा मीटर दक्षिणेला, कदाचित कड्याच्या खालच्या अंगाला शोधत बसलो असतो.

नवख्यांची सर्वांत मोठी चूक स्वरूपाच्या गल्लतीने होते. खेळात अंश आणि दशांश मिनिटे वापरतात, तर फोनमधील सर्वसाधारण नकाशे दशांश अंश वापरतात. ३३° ४२.६०३ मिनिटे म्हणजे ३३.७१००५ अंश, ३३.४२६०३ नव्हे. शिवाय आपण दक्षिण गोलार्धात आहोत, म्हणून दशांश अंशांत अक्षांशापुढे उणे चिन्ह हवे. भारतात वाढलेल्या माणसाच्या हाताला ते चिन्ह लावण्याची सवय नसते, आणि ते गळले की नकाशा आपल्याला जपानच्या पूर्वेला भर समुद्रात नेऊन सोडतो. उत्तर पक्के झाले की ते डबीच्या पानावर ‘दुरुस्त स्थान’ म्हणून साठवावे, म्हणजे फोन त्या स्थानाकडेच वाट दाखवेल.

निघण्यापूर्वीची तयारी

घळीत फोनचे नेटवर्क अनेकदा जाते. म्हणून डबीचे पान, इशारा आणि परिसराचा नकाशा घरीच फोनमध्ये उतरवून घ्यावा, आणि कोड्याचे उत्तर कागदावरही लिहून खिशात ठेवावे. बॅटरीसाठी पॉवर बँक, माणशी दोन लिटर पाणी, खाणे, टोपी, उन्हाचा मलम, लांब पँट, बंद बूट, पातळ हातमोजे, पेन, छोटी विजेरी, आणि दहा-पंधरा सेंटिमीटर रुंदीच्या दोन लवचीक पट्ट्या. पट्ट्यांचे कारण पुढे येते. कुठे जातो आणि किती वाजता परततो हे घरी किंवा शेजारी सांगून ठेवावे. उद्यानाच्या खात्याकडे सहलीची नोंद करण्याचीही सोय आहे.

वेळेचा हिशेब येथे उलटा मांडावा लागतो. गडाला जाताना आधी चढायचे असते, दमलो तर मध्येच परतता येते आणि परतीची वाट उताराची असते. येथे स्थानक माथ्यावर आहे आणि डबी खाली. उतरताना सर्वांनाच उत्साह असतो. खरी चढण दुपारी, पाणी संपत आल्यावर येते. म्हणून खाली उतरायला लागलेल्या वेळेच्या दीडपट वेळ परतीसाठी राखून ठेवावा. जून-जुलैत सूर्य पाचच्या सुमारास मावळतो आणि घळीत अंधार त्याच्याही आधी उतरतो. त्या महिन्यांत दुपारी दोननंतर खाली उतरणे सुरू करू नये.

उन्हाळ्यात निघण्याच्या दिवशी सकाळी वणव्याच्या धोक्याची पातळी पाहावी. सप्टेंबर २०२२ पासून साऱ्या ऑस्ट्रेलियात तिच्या चारच श्रेणी आहेत : मॉडरेट, हाय, एक्स्ट्रीम आणि कॅटॅस्ट्रॉफिक. शेवटच्या दोन असताना रानात जायचेच नाही. अशा दिवशी उद्याने अनेकदा बंदच ठेवतात. ‘हॅझर्ड्स निअर मी’ हे सरकारी ॲप फोनमध्ये असावे. निलगिरीच्या पानांत तेल असते आणि घळीत आग चढणीच्या दिशेने अधिक वेगाने पसरते, म्हणजे जी आपली परतीची वाट तीच आगीचीही वाट.

वाटेवर

पहिल्या चालीसाठी ‘ग्रेट नॉर्थ वॉक’चा थॉर्नलीहून बेरोरा खोऱ्यात उतरणारा भाग सुचवतो. १९८८ साली खुली झालेली ही २५० किलोमीटरची वाट सिडनीहून न्यूकॅसलपर्यंत जाते, तिच्यावर खुणांचे खांब आहेत, आणि रेल्वे स्थानकांवरून ती जागोजागी गाठता येत असल्याने हवा तेवढाच तुकडा चालता येतो. तपकिरी-गुलाबी गुळगुळीत सालीचे अँगोफोरा, दाढीसारख्या फुलांच्या बँक्सिया आणि गवताचा झगा घातल्यासारखे ग्रास ट्री ओळखायला शिकावे. कोड्यांत आणि इशाऱ्यांत या झाडांची नावे वारंवार येतात. ‘बँक्सियाच्या पायथ्याशी’ असा इशारा वाचून निलगिरीभोवती फिरणारी माणसे मी पाहिली आहेत.

दिशेबाबत एक सावधगिरी. येथे दुपारचा सूर्य उत्तरेला असतो. होकायंत्राशिवाय सूर्यावरून दिशा ठरवण्याची आपली सवय बरोबर उलट उत्तर देते, आणि दमलेल्या अवस्थेत हा गोंधळ खरोखर होतो.

खबरदारी प्राण्यांबाबतही घ्यावी, भीती मात्र नको. उबदार दिवसांत वाटेवर ब्राउन स्नेक किंवा लाल पोटाचा काळा साप ऊन खात पडलेला दिसू शकतो. थांबावे, दोन पावले मागे यावे, त्याला जाऊ द्यावे. ऑस्ट्रेलियातील जमिनीवरचे धोकादायक साप नाग आणि मण्यार यांच्या कुळातील आहेत, त्यामुळे येथील प्रथमोपचार ठरलेला आहे : जखम धुवायची नाही, कापायची नाही, चोखायची नाही. दंशावर रुंद लवचीक पट्टी घट्ट बांधायची, मग बोटांपासून वर संपूर्ण हात किंवा पाय गुंडाळायचा, काठी बांधून तो स्थिर करायचा, माणसाला अजिबात चालू द्यायचे नाही आणि ००० या येथील आपत्कालीन क्रमांकावर फोन करायचा. फनेल-वेब कोळ्याच्या दंशालाही हाच उपाय लागू आहे. १९८१ पासून त्याच्यावर प्रतिविष उपलब्ध आहे आणि तेव्हापासून या दंशाने मृत्यू झालेला नाही. महाराष्ट्रात घोणस आणि फुरसे यांचे विष जागच्या मांसाचीही हानी करते, त्यामुळे तेथे शिकलेला सल्ला आणि येथला सल्ला यांची सरमिसळ करू नये. ‘इमर्जन्सी प्लस’ हे ॲप आपले नेमके स्थान पडद्यावर दाखवते, ते ००० वर वाचून सांगता येते.

प्रत्यक्षात त्रास होतो तो बहुधा गोचिडींचा. पूर्व किनाऱ्यावरच्या गोचिडीमुळे काहींना तीव्र ॲलर्जी येते, आणि तिच्या चाव्यानंतर काही जणांना लाल मांसाची ॲलर्जी जडल्याचे याच सिडनीत प्रथम लक्षात आले. पँट मोज्यांत खोचावी, कीटकरोधक लावावे, घरी आल्यावर मुलांच्या कानांमागे आणि केसांत पाहावे. अंगाला चिकटलेली गोचीड चिमटीत दाबून ओढू नये, कारण दाबले की तिची लाळ अंगात जाते. औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या खास फवाऱ्याने ती जागीच गोठवावी. पावसानंतर जळवा येतात, त्या निरुपद्रवी आहेत.

वाटेच्या तोंडाशी बूट घासण्याचा ब्रश आणि फवारा ठेवलेला दिसला तर तो वापरावा. फायटोफ्थोरा नावाचा मुळे कुजवणारा सूक्ष्मजीव बुटांच्या चिखलातून पसरतो आणि बँक्सिया व ग्रास ट्री यांचे पट्टेच्या पट्टे मारून टाकतो.

शेवटचे वीस मीटर

फोनवर अंतर वीस मीटर दाखवू लागले की वाटेवरच थांबावे. उघड्या आकाशाखाली फोन साधारण पाच मीटरपर्यंत अचूक असतो, पण कड्याच्या कुशीत उपग्रहाचे संकेत खडकावर आपटून येतात आणि ही चूक दहा-पंधरा मीटरपर्यंत जाते. बाण इकडून तिकडे नाचू लागतो आणि नवखा त्याच्यामागे झुडपांत शिरतो. तसे न करता दोन-तीन मिनिटे एका जागी उभे राहून आकडा स्थिर होऊ द्यावा, मग फोन खिशात ठेवावा आणि डोळ्यांनी शोध सुरू करावा.

‘मी लपवली असती तर कुठे?’ हा प्रश्न येथे उपयोगी पडतो. वालुकाश्माच्या कपारी, पोकळ ओंडके, झाडाच्या मुळांमधली खोबण या नेहमीच्या जागा आहेत. निसर्गात काठ्या समांतर पडत नाहीत आणि दगड एकमेकांवर नीट रचलेले नसतात. अशी व्यवस्थित रचना दिसली तर बहुधा तिच्यामागेच डबी आहे. हात घालण्यापूर्वी विजेरीने आत पाहावे आणि काठीने चाचपावे.

मात्र जमिनीवरचे सुटे दगड उलटे करू नयेत. त्यांच्याखाली पाली, साप, कीटक राहतात, आणि रानातून असे दगड हलवणे-नेणे हे न्यू साउथ वेल्समध्ये वन्यजीवांना असलेल्या प्रमुख धोक्यांपैकी एक म्हणून कायद्याने नोंदलेले आहे. त्याहून गंभीर बाब म्हणजे सपाट खडकांवर आणि कपारींच्या भिंतींवर येथील मूळनिवासी समाजांनी कोरलेली व रंगवलेली चित्रे असू शकतात. मासा, कांगारू किंवा हाताचा ठसा दिसला तर त्यावर पाय ठेवू नये, हात लावू नये, आणि तेथे शोध घेऊच नये. परवानगी असलेली डबी अशा जागी नसते. ही स्थळे कायद्याने संरक्षित आहेत, आणि कायदा नसता तरी परक्याच्या देवघरात जसे वागतो तसेच येथे वागायला हवे.

वीस मिनिटे शोधून डबी सापडली नाही तर थांबावे. उत्तराचा कागद काढून अंक पुन्हा वाचावेत, इशारा पुन्हा वाचावा, आणि तरीही काही सुचले नाही तर ‘सापडली नाही’ अशी नोंद करून परत फिरावे. ती नोंद कमीपणाची नाही. डबी हरवली असेल तर तिच्या मालकाला ते अशाच नोंदींमधून कळते.

सापडल्यावर

डबी उघडण्याआधी ती कशी ठेवली होती, झाकण कोणत्या बाजूला, वर कोणता दगड, याचा फोटो काढून ठेवावा. आतल्या कागदी वहीत आपले खेळातले नाव आणि तारीख लिहावी. या सहीशिवाय शोध पूर्ण मानला जात नाही, कोडे कितीही सुंदर सोडवले असले तरी. आतील एखादी वस्तू घेतली तर तेवढ्याच किंवा अधिक मोलाची ठेवावी. खाद्यपदार्थ कधीही ठेवू नयेत, वासाने प्राणी डबी फोडतात. क्रमांक कोरलेले बिल्ले आत असतील तर ते एका डबीतून दुसरीत प्रवास करण्यासाठी असतात. पुढे नेऊन ठेवायची तयारी असेल तरच घ्यावेत. झाकण दोन्ही हातांनी पूर्ण दाबून बसवावे, कारण येथील पावसात सैल झाकणाची वही एका आठवड्यात लगदा होते. मग काढलेला फोटो पाहून डबी जशी होती तशीच, जेथे होती तेथेच ठेवावी.

घरी आल्यावर संकेतस्थळावर नोंद लिहावी. वाट कशी होती, वाटेत झाड पडले आहे का, वही भरत आली आहे का, हे जरूर लिहावे. ते पुढच्याच्या आणि मालकाच्या उपयोगाचे असते. कोडे कसे सुटले याबद्दल मात्र एकही शब्द लिहू नये आणि जागा ओळखता येईल असा फोटो लावू नये. एखाद्या मित्राने मदत मागितली तर त्याला उत्तर सांगू नये, त्याच्या तर्कातील चुकलेली पायरी दाखवावी. ‘पिसे या शब्दावर पुन्हा विचार करा’ एवढे पुरते.